करंगळीची जागा

प्रिय बाबा,

तुमचं वाद्य काल अमरावतीहून दुरुस्त करून आणलं. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, टरबूज आहे का त्याच्यात?" आईसुद्धा त्याला टरबूजच म्हणते ना! आज दुपारी ते वाजवलं आणि लगेच लिहायला बसले. तुमच्याशी बोललेलं एक खोटं मला आता स्वस्थ बसू देत नाही.

अकोल्यात तुम्ही आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. मग कुणीतरी दुरुस्तीला एक ल्यूट-गिटार आणलं: पाठ ल्यूट या जुन्या युरोपी वाद्यासारखी फुगीर, मान मात्र गिटारची, तारा सहा. तसंच एक आपणही करायचं, याशिवाय तुम्हाला दुसरं काही सुचेना. सागवानाच्या पट्ट्या ओल्या करून तापल्या पाइपवर वाकवल्यात. समोरची फळी यंत्राच्या खोक्यातल्या देवदाराची. ती तुम्ही इतकी पातळ केलीत की टिचकी मारली तरी बोलायची.

गोल पाठ मांडीवरून घसरायची, म्हणून खाली तुमचा दुपट्टा घडी करून ठेवायचा. मी गिटार शिकलेली, नखं वाढवलेली. "ओरबाडून काहून राहिली त्याले?" तुम्ही म्हणायचात. "नखं काप. बोटाच्या मासानं छेड अन् करंगळी फळीवर टेकव. हात हलत नाही मंग."

सूर गोल निघायचा आणि चटकन विझायचा. गिटारसारखा लांबायचा नाही. मला तो दुबळा वाटायचा, हेही आज कबूल करते.

तुम्ही अंथरुणाला खिळलात, आईसोबत इकडे मोर्शीला माझ्याकडे राहायला आलात, आणि इथल्या विहारात कार्यक्रम ठरला. माइक एकच, तो गाणाऱ्यांना. मागच्यांना ऐकू जावं म्हणून मी नायलॉनच्या तारा काढून पोलादी चढवल्या. "याले लोखंड लावू नको, याचा जीव नाजूक आहे," असं तुम्ही किती वेळा बजावलं होतं! दुसऱ्याच गाण्यात तारा बांधलेली घोडी फळीचा टवका घेऊन उखडली. मी ते पिशवीत घातलं आणि घरी येऊन कपाटामागे लपवलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "वाजवून दाखव न, बाई. लय दिवस झाले."

मी शेजारच्या खोलीत गेले, पडदा ओढला आणि माझं साधं गिटार वाजवलं. हळू, नखं न लावता. गाणं संपलं तेव्हा पडद्यापलीकडून तुम्ही एवढंच म्हणालात, "करंगळी टेकव."

मला वाटलं, निभावलं. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

आज दुपारी नखं कापली, दुपट्ट्याची घडी केली. घोडीच्या बाजूला फळीवर पॉलिश उडालेली एक जागा आहे, तुमच्या करंगळीनं घासलेली. ती तशीच ठेवा, असं मी मिस्त्रीला सांगून ठेवलं होतं. तिथं माझी करंगळी टेकवली आणि पहिला सूर छेडला.

हा आवाज आणि गिटारचा आवाज यांत शेंबड्या पोराचीही गल्लत होणार नाही. मग ज्यानं तो स्वतः घडवला त्याची होईल का? तुम्ही ओळखलं होतं, बाबा. मग रागावला का नाहीत? एकदा दटावून विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. तुम्ही माझं खोटं निमूट झाकलंत, आणि आता ते माझं मलाच सांभाळावं लागतंय.

ते भिंतीला टेकवून ठेवलं की खोलीत कुणी बोललं तरी तारा गुणगुणतात. आई म्हणते, "हळू बोल. ते ऐकून राहिले." पातळ फळीला आवाजानं कंप येतो, हे तुम्हीच शिकवलंत. मला ते ठाऊक आहे. तरी मघाशी मी त्याच्यासमोर बसून म्हटलं, "बाबा, मी मोडलं ते." सगळ्यांत जाड तार घुमली आणि लगेच विझली.

लोखंड पुन्हा लावणार नाही. रोज दुपारी वाजवीन, करंगळी तुमच्या जागेवर ठेवून, तुमच्या खाटेकडे तोंड करून. मधला पडदा मी आज काढून टाकला आहे.

तुमची,
सुजाता