साडेदहाच्या उलट्या

३ मार्च, सोमवार
चष्म्याच्या दुकानात कामावर परत रुजू होऊन आठवडा झाला. संध्याकाळी वरच्या मजल्यावर मोठ्या जाऊबाईंकडे ठमीला घ्यायला गेले, तर बाईसाहेब त्यांच्या खांद्याला चिकटून! मी हात पुढे केले — तोंड फिरवलं. सात महिन्यांची पोर, आणि आईलाच परकी समजते. दिवसभराची सवय गं, म्हणाल्या जाऊबाई, हसून. नुसता जळफळाट झाला माझा.

५ मार्च, बुधवार
सकाळी उशीर झाला. आठला ठमीला झटपट ओट्स भरवले आणि पळाले. पावणेअकराला दुकानात जाऊबाईंचा फोन — साडेदहापासून ठमी उलट्यांवर उलट्या करतेय. त्यांनी काहीच दिलं नव्हतं म्हणे. मग काय हवा खाऊन झाल्या?

७ मार्च, शुक्रवार
पुन्हा उशीर, पुन्हा ओट्स. आणि पुन्हा साडेदहालाच उलट्या! आता सगळ्या वेळा लिहून ठेवतेय. खोटं कशाला लिहू — कुठेतरी बरंही वाटलं. लाडक्या काकूंचा हात मानवत नाही तर!

९ मार्च, रविवार
ठमी दिवसभर माझ्याजवळ. सावकाश केळं कुस्करून भरवलं. एक उलटी नाही! अजून काय पुरावा हवा? वर जाऊन सांगून टाकलं, हात तरी धुता का भरवण्याआधी, उद्यापासून ठमी येणार नाही. त्यांनी ठमीची धुतलेली झबली तेवढी आणून दिली.

१० मार्च, सोमवार
रजा टाकली. आठला ओट्स मीच भरवले. साडेदहाला माझ्याच मांडीवर उलट्या — पाच, सहा. मग पोर पांढरीफटक पडली, मान लुळी पडली. रिक्षा, दवाखाना, सलाइन.

डॉक्टरबाईंनी माझ्या वेळा वाचल्या. म्हणाल्या, ही ओट्सची ॲलर्जी दिसते. अंगावर पुरळ नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, उलट्या दोनेक तासांनी सुरू होतात. त्यामुळे तेव्हा ज्याच्या हातात मूल असेल त्याच्यावरच संशय जातो. ओट्स आता पूर्ण बंद. पुढे कधी देऊन बघायचे ते दवाखान्यातच.

"सकाळी कोण भरवतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

११ मार्च, मंगळवार
ठमीला घेऊन वर गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली. ठमीने त्यांच्याकडे दोन्ही हात पसरले. जाऊबाई मागे सरकल्या. "नको गं. मला आता भीती वाटते तिची."

ठमी रडत माझ्याच गळ्याला बिलगली. हेच तर हवं होतं मला.