आजीचा तुकडा काळा चढतो

३ नोव्हेंबर
पोचली एकदाची रायपूरले. आमगावच्या घराले कुलूप लावून आली. नातू यशदीप गाडी घेऊन स्टेशनवर उभा होता. पोट असं सुटलं की मले आधी पोट दिसलं, मग पोट्टा. ब्राह्मणपाऱ्यात त्याचं तिमजली घर आहे. खाली त्याची लॅब, मधात नातसून नीलिमाचा नाक-कान-घशाचा दवाखाना, वर राहणं. मायबाप गेल्यावर मीच वाढवला ह्याले. आता म्हणते, आजी, तू फक्त बस. बसते बापा. शुगर आहे, डावं नाक चोंदलं आहे, पण जीभ चालू आहे. भाजीत मीठ कमी म्हटलं तर नीलिमा हसली. चांगली आहे पोट्टी.

६ नोव्हेंबर
नीलिमानं नाकात नळी घालून पाहिलं. मग सुई देऊन बधीर केलं आन् तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला. तपासाले, म्हणे. दुखलं नाही. घरचीच डॉक्टर असली की असं सुख.

९ नोव्हेंबर
यशदीपनं लॅब दाखवली. माणसाच्या मांसाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घेतात. नेहमीच्या गुलाबी रंगात बुरशी लपून बसते, म्हणून चांदीचा रंग देतात. मांस हिरवं होते, बुरशीचे धागे काळेभोर. मी म्हटलं, चोर तो चोरच, चांदी दिसली की बाहेर येतो. पोट्टा खोखो हसला.

रोग्यांच्या काचांसंगं दरवेळी एक ठरलेली काच ठेवतात. तिच्यात बुरशी आहेच हे आधीच माहीत असते. तिचे धागे काळे झाले तर रंग बरोबर लागला. नाही झाले तर बाकीच्यांचं ‘बुरशी नाही’ हे काही खरं नाही. तिले कंट्रोल म्हणतात. मी दुर्बिणीले डोळा लावून पाहिली. हिरव्यात बाभळीच्या वाळल्या फांद्या पसराव्या तसं. बाई बाई!

माझ्या तुकड्याचं विचारलं तर म्हणे, कुछ नहीं आजी, नॉर्मल सूजन है. पाजलं मराठी दूध, ढेकर हिंदी.

१८ नोव्हेंबर
डावा गाल मुका झाला. चिमटा घेतला तरी कळत नाही. नीलिमानं अजून एक तुकडा काढला, पहिला कमी पडला म्हणे. प्यायले गोड औषध दिलं. चवीनं सर्दीचंच आहे. शुगरवालीले गोड औषध! डॉक्टर आहे का हलवाई, विचारलं. या वेळी हसली नाही.

२७ नोव्हेंबर
तिसरा तुकडा. डाव्या डोळ्याले दोन-दोन यशदीप दिसून राहिले. एकच पुरे होता. दुसऱ्या डॉक्टरले दाखवू म्हटलं तर म्हणे, घर में डॉक्टर है ना.

१ डिसेंबर
लॅब झाडणारी प्रेमला चहा घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, आजी, आप आईं तो सर की चिंता गई. पुराना कंट्रोल खतम हो गया था, अब आपका ही लगता है. सर बोलते हैं, सबसे बढ़िया, एकदम काला चढ़ता है.

तिले वाटलं, मले ठाऊक आहे. कौतुकानंच सांगत होती बिचारी. कपात दोन घोट होते. पिऊन टाकले. मग बोटानं डावं नाक चाचपलं. बुरशी इथंच आहे तर.

२ डिसेंबर
यशदीपले विचारलं. नाही म्हणाला नाही. मानही खाली घातली नाही. दवाई दी तो धागे मर जाएँगे आजी, बस थोड़े दिन. ऐसा पेशंट मिलता कहाँ है. तुझ्यानं कितीक लोकांचा रोग पकडला जाते, म्हणे, कितीक वाचतात. मी म्हटलं, त्या लोकांत मले मोज ना.

तो उठून खाली लॅबमध्ये गेला.

३ डिसेंबर
सरकारी दवाखान्यात जाते म्हणून चप्पल घातली. जिन्याच्या दाराले बाहेरून कुलूप. मोबाईल जागेवर नाही. प्रेमलाले हाका मारल्या. नीलिमा आतूनच म्हणे, काढलं तिले.

५ डिसेंबर
सुई देतात. झोप — नुसती झोप. डावी पापणी बोटानं उचलावी लागते. टाळू खरखरीत — जीभ लावली तर सरकलं काही —

७ डिसेंबर
दाराआड बोलून राहिले दोघं. यशदीप रडते. खरंच रडते. आजीचे हाल पाहवत नाही म्हणे. बार बार थोड़ा थोड़ा नहीं. एकदाच मोठा तुकडा घेऊन टाकू. डोळ्यासकट. मग तिले पुन्हा त्रास नाही — सालभर पुरेल —

८ — दुपार
उजव्या डोळ्यानं पाहून लिहून राहिली. ओळ वर जाते.
कुलूप काढलं. जिन्यावर दोघंही. भांड्यात काही वाजते —
आजी म्हणून हाक देऊन राहिला. लहानपणी भूक लागली की द्यायचा, तशीच — मराठीत बोलते आज — आजी, तोंड उघड म्हण