टबात गेलेली युझू

चिनामी,

ओट्यावरची युझूची पाच लिंबं काल मीच आंघोळीच्या टबात सोडली. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी युझू घातलेल्या पाण्यात आंघोळ करायची आपली रीत, ती टबातच जायची, म्हणून विचारलंही नाही. तुझ्या बटरसाठी होती, हे तुझ्या तोंडावरून कळलं.

पहाटे झाडावरची नवी काढली. काटे बोचले, असू दे. पिवळी सालच किसली, पांढरं येऊ दिलं नाही. मऊ बटरमध्ये कालवून ठेवलंय. मीठ चाखून बघ.

थोडं डबीतून दवाखान्यात नेतेय. चार दिवस पेजही नको म्हणणाऱ्या तुझ्या सासऱ्यांनी परवा तुझं बटर लावून दोन ब्रेड खाल्ले. वर मला म्हणाले, "एवढं चांगलं कधीपासून करायला लागलीस?"

मी गप्प बसले. आज तुझं नाव सांगते.

फुसाए