उत्तरेची भिंत

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कॉलेजच्या पत्त्यावर धाडतेय, बघून दचकू नकोस. फोनवर बोलायला गेलं की अण्णा शेजारी येऊन बसतात, त्यांना ऐकू यावं म्हणून तू मोठ्यानं बोलतोस, आणि मग बोलायचं ते राहूनच जातं. आणि हे अण्णांच्या कानावर इतक्यात जायला नको आहे.

जुन्या कचेरीची देखभाल माझ्याकडे येऊन दोन महिने झाले. अण्णांनी जिथं बावीस वर्षं काढली त्याच खोलीत, त्यांच्याच खिडकीशी बसते. पहिले पंधरा दिवस आवारातच गेले. मोठ्या झाडाच्या मुळांवर लोक बिनदिक्कत गाड्या लावत होते, तिथं साखळी बांधली. आता कर्मचारी मला 'साखळीबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पण भिंतींना कान असतात तसे मलाही आहेत.

खरी काळजी सभागृहाची आहे. उत्तरेच्या भिंतीचा रंग पापुद्र्यानं सुटतोय. मागच्या बाकांवर रोज सकाळी पिठासारखी भुकटी सापडते. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. आमच्याकडे एक म्हातारा गवंडी येतो. भिंतीवर बोटांनी टकटक करत फिरतो म्हणून सगळे त्याला टकटकमामाच म्हणतात. त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, बाई, दगड-चुन्याच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंट फासलंय, तिला श्वास घेता येत नाही, पाणी आत कोंडलंय.

पंधरा मार्चला नव्या मंडळाचा शपथविधी याच सभागृहात आहे. तीनशे माणसं बसणार. मी दिवसातून तीन-तीनदा आत जाऊन छताकडे बघून येते. बघून काय होतं, पण चैन पडत नाही.

तो गिलावा कधी झाला, कुणाच्या सांगण्यावरून? मी तेव्हा तेरा वर्षांची, माझ्या लक्षात फक्त गवंड्याच्या हातातली परातीएवढी थापी आहे. तू मोठा होतास, तुला आठवत असेल. लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर तेवढं लवकर दे.

तुझी
धाकटी


दि. १० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

साखळीबाई, पत्र पोचलं. नाव शोभतंय. लहानपणी माझ्या सायकलला कुलूप घालून किल्ली लपवायचीस, ती सवय सरकारी कामाला आली म्हणायची.

अण्णा बरे आहेत. ऐकू आणखी कमी येतं, पण आपल्याविषयी बोललेलं बरोबर ऐकू येतं. सकाळी फाटकापर्यंत जाऊन येतात. तुझी वहिनी त्यांच्या चपला उंचावर ठेवते, म्हणजे एकटे बाहेर पडणार नाहीत. काल स्टुलावर चढून काढल्या. तिनं मलाच फैलावर घेतलं.

भिंतीचं म्हणशील तर प्रत्येक जुनी इमारत थोडी पाझरतेच. आधी वरची पन्हळ बघ. पाला अडकला असेल, पाणी भिंतीत उतरत असेल. ती साफ कर, चार महिने थांब, भिंत आपोआप वाळेल. गिलाव्याचं काम एकतीस वर्षांपूर्वीचं. त्या कामाबद्दल अण्णांना वरून शाबासकीचं पत्र आलं होतं, हे विसरू नकोस. एकतीस वर्षं उभी असलेली भिंत तुझी बदली झाली म्हणून पडायची नाही.

टकटकमामांचं ऐकून भिंत फोडायला जाऊ नकोस. फोडाफोडी सुरू केली की कुठं थांबायचं ते कळत नाही. मी हे शिकवतो, माझं ऐक.

अभ्यासक्रम संपवायचाय, परीक्षा तोंडावर आल्यात. म्हणून आवरतं घेतो. माया आहेच, ती पत्राच्या लांबीवर मोजू नकोस.

तुझा
दादा


दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पन्हळ साफ केली. दोन टोपल्या पाला आणि एक कबुतराचं घरटं निघालं. तुझं एवढं ऐकलं. पुढचं ऐकलं नाही.

मागच्या बाकांच्या वर, जिथं तुळईचं टोक भिंतीत शिरतं, तिथला वीतभर गिलावा टकटकमामांनी काढला. आतून भिजक्या मातीचा वास आला. तुळईच्या टोकाला मी आरी टोचली. दादा, ती मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी. सात तुळया आहेत, त्यांपैकी तीन तुळयांची टोकं अशी. बाहेरून रंग दिलेला, ठाकठीक, आत भुसा. मामांनीच आरी माझ्या हातून घेतली.

साहेबांना तिथंच बोलावून दाखवलं. ते म्हणाले, एवढी वर्षं टिकलं, आणखी महिनाभर टिकेल, शपथविधी होऊ दे मग बघू. मी नाही म्हणाले. मग म्हणाले की तसं असेल तर लेखी अहवाल द्या, दोष कशामुळे आणि कुणाच्या काळात हे नावानिशी लिहा, म्हणजे वर पाठवतो. मी सभागृहाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात.

नावानिशी लिहायचं म्हणून दोन दिवस जुनी दप्तरं उपसली. शेवटी फाइल सापडली. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर अण्णांची सही आहे. पण त्याआधी त्यांचीच दोन टिपणं आहेत. दोन्हीत स्वच्छ लिहिलंय, सिमेंट नको, या भिंतीला चुनाच हवा. तिसऱ्या टिपणात एकदम उलटं. सिमेंटच कसं योग्य, याची दीड पान कारणं. अक्षर अण्णांचं, पण भाषा त्यांची नाही. 'अभेद्य आवरण', 'आर्द्रतेचा संपूर्ण प्रतिबंध'. अण्णा जन्मात असं बोललेले नाहीत. ते 'ओल' म्हणतात.

ही भाषा कुणाची, दादा? तुझ्या पत्रातली घाई मला आवडली नव्हती. आता तर जेवण जात नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालते, टकटकमामा म्हणतात, बाई, बसा, जोतं झिजेल.

वाट बघतेय. नमस्कार नेहमीचा आहे, राग नवा आहे.

तुझी
धाकटी


दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र चारदा फाडलं, हे पाचवं.

ती भाषा माझी. तिसरं टिपण मी सांगितलं, अण्णांनी लिहून घेतलं.

मी तेवीस वर्षांचा होतो. पदवीचा निकाल लागून महिना झाला होता आणि जगात माझ्याइतकं शहाणं कुणी नाही अशी खात्री होती. अण्णा चुन्यासाठी अडून बसलेत हे कळलं तेव्हा मला त्यांची लाज वाटली. महिनाभर घरात वाद घातला. शेवटी एकदा कचेरीत गेलो आणि तेव्हाच्या साहेबांसमोर म्हणालो की आमच्या वडिलांचं ज्ञान गवंड्यांकडून ऐकलेलं आहे, माझं पुस्तकातलं आहे. साहेब हसले. परत येताना रस्ताभर मी बोलत होतो, ते ऐकत होते. तिसऱ्या दिवशी टिपण दिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी जुन्या बांधकामाचा धडा माझ्या वाट्याला आला. फळ्यावर लिहिलं, चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नये. खडू हातातच राहिला. त्या सुट्टीत घरी म्हणून आलो आणि सभागृहात जाऊन आलो. भिंतीवर मिठाचा पांढरा खार फुटला होता. कुणाला काही बोललो नाही. तो धडा मी दरवर्षी शिकवतो, चांगला शिकवतो म्हणतात.

अहवालात माझं नाव लिही. अण्णांचं नको. ते माझ्यापुढे हरले, एवढाच त्यांचा दोष.

रविवारी त्यांना सांगणार आहे. कसं सांगायचं ते कळत नाही. ते हल्ली लवकर थकतात.

आशीर्वाद द्यायचा हक्क राहिला असेल तर तो आहेच.

दादा


दि. १ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आवारात तीन फेऱ्या मारल्या. माळ्यानं विचारलं काही हरवलंय का. हो म्हणाले.

तेवीस वर्षांच्या मुलावर मला राग नाही, खरंच नाही. राग फळ्यासमोर उभ्या असलेल्या मास्तरावर आहे. तुला कळलं होतं. त्यानंतर तिथं किती सभा झाल्या, शाळेच्या मुलींचे किती कार्यक्रम झाले! तुझी भाची त्याच छताखाली उभी राहून गायली होती, दादा. मी पुढे बसून टाळ्या वाजवत होते.

आता इथलं सांगते. शुक्रवारी टेकू लावायला घेतले. तिसऱ्या तुळईखाली लोखंडी खांब उभा करून वरचं चाक फिरवत होतो, तेवढ्यात कड्‌ असा आवाज झाला आणि टोक दोन बोटं खाली बसलं. टेकूवर बसलं म्हणून थांबलं. मामा आणि मी दोघंही दाराकडे पळालो. कोण आधी पोचलं यावरून आता कचेरीत थट्टा चालते. दाराशी साहेब उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. रंग उडालेल्या चेहऱ्यानं त्यांनी तिथल्या तिथं शपथविधी पुढच्या मैदानात मांडवाखाली घ्यायचा हुकूम काढला. चिठ्ठी नाही, तोंडानं.

पण अहवाल अजून माझ्या टेबलावर आहे. साहेब आता मऊ झालेत. म्हणतात, नाव कशाला, 'पूर्वीच्या काळातील काम' एवढं लिहा, घरातलंच माणूस आहे. मोह होतो. दहा वेळा लिहिलं, दहा वेळा खोडलं. नाव गाळलं तर उद्या दुसऱ्या कचेरीत हाच गिलावा चढेल आणि कुणाला कारण कळणार नाही. लिहिलं तर घरातलं बाहेर येतं, घर बोलतं.

अण्णांना सांगितलंस का? काय म्हणाले? एका ओळीचं का होईना, लिही. दूर लोटलेलं नाही, एवढं समजून रहा.

धाकटी


दि. ७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रविवारी सांगितलं. सगळं, फळ्यासकट. मला मध्येच रडू फुटलं, या वयात. अण्णा ऐकत होते. नीट ऐकू येत होतं बहुतेक, कारण एकदाही 'काय?' म्हणाले नाहीत. संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं की धाकटीनं कुलूप लावलंय का. लावलंय म्हटल्यावर मान हलवली आणि कागद मागितला.

दोन दिवस लिहीत होते, तुझं १ तारखेचं पत्र शेजारी ठेवून. वहिनी जेवायला बोलवायला गेली तर कागदावर हात ठेवायचे. सोबतचं पाकीट त्यांनीच चिकटवलंय, मी वाचलेलं नाही. मला एक शब्द बोललेले नाहीत. मी घरात पाहुण्यासारखा वावरतोय.

तुझ्या पायांना चैन नसेल हे माहीत आहे. माझ्याही नाही.

दादा


दि. ५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात कापतो, अक्षर लावून वाच.

तुझ्या दादाला वाटतं की तो वादात जिंकला आणि मी हरलो. तसं नाही. त्याच्या बोलण्यातलं अर्धं मला कळलंच नव्हतं, आणि जे कळलं ते पटलं नव्हतं. पण त्या दिवशी माझा मुलगा पहिल्यांदा माझ्या कचेरीत उभा राहून बोलत होता, आणि साहेब काम थांबवून ऐकत होते. माझं तसं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यापायी मी सही केली. भिंतीचा विचार केला नाही.

तिसऱ्या वर्षी ओल वर चढली तेव्हा मला कळलं. गिलावा काढून टाकावा असा अर्ज लिहिला. त्याच आठवड्यात दादाला कॉलेजात नोकरी लागली. साहेबांच्या शिफारशीवर लागली, आणि शिफारशीत याच कामाचं कौतुक होतं. अर्ज फाडला. तो सांगतो की त्याला फळ्यासमोर कळलं. त्याच्या किती तरी आधी मला कळलं होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सभागृहात जेवढे कार्यक्रम झाले, त्यांना मी मागच्या बाकावर, उत्तरेच्या भिंतीला लागून बसलो. तुझी आई चिडायची की पुढे मानाची खुर्ची असताना हे मागे का बसतात. लोक म्हणायचे, किती साधा माणूस. मी वर कान लावून बसायचो. वाटायचं, आवाज झाला तर आपल्याला पहिल्यांदा कळेल, आणि पडलंच तर आपल्यावर पडेल. एवढ्यानं मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो. माझ्या बाजूला माणसं बसलेली असायची, बाई. बायका, पोरं. त्यांना मी कधी सांगितलं नाही की इथं बसू नका. तू पंचेचाळिशीही गाठली नाहीस आणि दोन महिन्यांत कुलूप लावलंस. मला ते कुलूप जमलं नाही.

तेव्हा अहवालात पहिलं नाव माझं लिही, हुद्द्यासकट. तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं, हेही लिही. खाली दादाचं लिही, तो म्हणतो तसं. 'चांगल्या हेतूने' वगैरे घालू नकोस, हेतूवर छत उभं राहत नाही. घर बोलेल म्हणून घाबरू नकोस. बोललं तर बरंच.

हे वाचून झालं की दादाला फोन कर आणि वाचून दाखव. मला तोंडानं सांगता आलं नाही. तो शेजारच्या खोलीतच बसलाय, दार उघडं आहे.

जपून काम कर. माझी माया तुम्हा दोघांवर सारखी, तसाच दोषही वाटून घेऊ.

अण्णा