ओसाकातलं मॅन्शन

चि. शार्दूल,

इथे आपल्या ओंगार गावात मी सगळ्यांना सांगून बसले, की नातू जपानात मॅन्शन घेतोय. आता म्हणतोस, तिथे दोन खोल्यांच्या जुनाट फ्लॅटलाही मॅन्शनच म्हणतात! तुझी चित्राआत्या हसत हसत हे लिहून घेतेय.

परवा फोनवर "घेऊ का, आजी?" विचारलंस, मी "घे" म्हटलं. खोटं बोलले बघ. लॉकडाऊन संपून विमानं सुरू झाली, की तू नागपूरला कायमचा परत येशील, अशी आस होती. घर घेतलेला माणूस कुठला येतोय?

चित्रा विचारतेय, "हे पत्र पाठवू का, आई?"

नको गं. उद्या त्याला सह्या करायच्यात. असलं वाचून हात अडखळेल पोराचा.

घर लाभो रे.

तुझी अंगठाबहाद्दर
आजी