तिण्णईवरचा फोन

टोरांटो, ४ जून २०२५

तीर्थरूप अप्पांच्या सेवेशी,
कृ. शि. सा. न. वि. वि.

देवनागरीची सवय सुटली आहे, अक्षराला हसू नका. फोनवर हे बोलायला धीर होत नाही, म्हणून कागद.

तुमचा व्हिसा अडला आहे. वर्षभरात आपल्या फोनवरून दुबईच्या एका नंबरावर पुष्कळदा बोलणं झालं, आणि त्या नंबरावर पाळत आहे म्हणे. आपल्या सरकारनं ती माहिती इथल्या सरकारला दिली. दोघांचा तसा करार आहे. इथं मला बोलावून विचारलंसुद्धा.

आपला फोन दिवसभर बाहेरच्या ओट्यावर, तिण्णईवर, सगळ्या गल्लीचा. कोण बोललं, काय बोललं, एवढं सांगून टाका, म्हणजे सुटाल. ऑगस्टात बाळंतपण. अम्मा नाही, तुम्ही तरी हवेत.

लोभ आहेच, तो लवकर इथं येऊन करावा.
आपली,
अखिला

तंजावूर, १६ जून

चि. सौ. अखिलेस अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण हसलो नाही.

ते फोन समोरच्या घरातल्या कवितेचे. तिच्या घरचा फोन सासूच्या हातात, म्हणून नवऱ्याशी बोलायला ती आपल्याकडे येते. मणी दुबईत मजूर आहे. खोलीत बाराजण, नंबर एकच. त्यातल्या कुणावर पाळत आहे, देव जाणे.

चेन्नईला व्हिसाच्या कचेरीत जाऊन आलो. काय बोलणं व्हायचं, असं साहेबांनी विचारलं. तिण्णईवर कुणी फोन घेतला की घरच्यांनी आत जायचं, ही तुझ्या अम्माची शिस्त, तेव्हा मला काय ठाऊक, असं सांगितलं. असं कुणी करतं का, म्हणून ते हसले.

कवितेचं नाव घेतलं नाही. घेतलं तर मणीची नोकरी जाईल, पोरीचा संसार उघड्यावर पडेल. पण तुझ्यापुढे मला कुणी मोठं नाही. तू लिही, नाव सांगतो. तोवर मात्र सांगणार नाही.

विश्वेशरावांस आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
अप्पा

टोरांटो, २ जुलै

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून तुमचा फार राग आला. पोटच्या पोरीपेक्षा शेजारीण जड झाली, असं मी विश्वेशांना म्हणाले आणि रडले.

मग त्यांनीच आठवण करून दिली. लग्नाआधी त्याच तिण्णईवरच्या फोनवर आम्ही तासन्‌तास बोलायचो, आणि तुम्ही आत जाऊन मिक्सी लावायचात. तुम्हाला वाटायचं मला कळत नाही. मिक्सी रिकामी असायची, अप्पा. रिकाम्या भांड्याचा आवाज वेगळा येतो.

कवितेचं नाव सांगू नका. व्हिसा नाही तर नाही. बाळंतपणाला विश्वेशांच्या आई येतील. तुम्ही नसाल, याचं दुःख आहे, ते लपवत नाही.

बाळ झालं की पहिलं रडणं तुम्हाला फोनवर ऐकवीन. ज्यांना ऐकायचं ते ऐकोत. तेवढ्या वेळी मात्र आत जाऊ नका.

लोभ दुरून का होईना, असाच असू द्यावा.
आपली,
अखिला