फुग्यांतली फट

४ जानेवारी २००३
"बाई, गोल पुरा मिटवू नका. थोडी वाट ठेवा, म्हंजे कागद धरून ऱ्हातो." आमच्या शाळेचे शिपाई देवरामभाऊ हे म्हणाले त्याला सोळा वर्षं झाली. आज पुण्याहून प्रकाशनाच्या लेले मॅडमचं पत्र आलं आणि आधी तेच आठवलं.
माझं पहिलं पुस्तक. जत्रेची गोष्ट, चोवीस चित्रं. मॅडमना रेषा आवडली. पण पाळणे, बांगड्या, मुलांचे डोळे, सगळ्या गोलांना फट का? 'तुमच्या फुग्यांतली हवा जातेय.' वाचून मोठ्यानं हसले. पुढची ओळ: महिनाअखेरपर्यंत गोल बंद करून पाठवा, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

६ जाने.
त्यांना कसं सांगू? चित्रकलेची बाई म्हणून परीक्षेच्या पेपरांतल्या आकृत्या माझ्याकडे. स्टेन्सिलच्या मेणकागदावर लोखंडी टोकानं कोरायचं, खोडायची सोय नाही. पहिल्याच भूमितीच्या पेपरात वर्तुळं अगदी नीट, टोकाला टोक मिळवून काढली. सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवल्यावर आतल्या चकत्याच गळून पडल्या. नववीच्या सगळ्या पेपरांवर शाईचे काळे गोळे. पोरं म्हणाली, बाई, ग्रहण लागलंय.
हेडसरांना देवरामभाऊंनी रोलर खराब म्हणून सांगितलं. मग मला यंत्रापाशी नेऊन ते वाक्य.
त्यानंतर चौदा वर्षं कोरलं, झेरॉक्स येईपर्यंत. घरी पेनानं काढतानाही गोल मिटेनासा झाला. वेगळी शैली वगैरे मी कधी शोधलीच नाही.

११ जाने.
सात चित्रांतले गोल बंद केले. स्वच्छ दिसतात. भिंतीवरच्या तक्त्यासारखी. फुगे आता फुगे नाहीत, चेंडू...
श्रीधर चहा घेऊन आला. "एवढ्याशा फटीसाठी पुस्तक घालवशील?" रागानं नाही म्हणाला. नवऱ्याचं सगळंच चुकीचं नसतं.

१९ जाने.
हरसूलला जाऊन आले. देवरामभाऊ रिटायर झाल्यापासून गावीच. अंगणात वाल सोलत होते. नातीसाठी मुलांचे दिवाळी अंक नेले होते, ते दिले आणि पत्राचं सांगितलं.
आता कशावर काढता, विचारलं त्यांनी. जाड कागदावर, साध्या पेनानं, म्हटलं.
"मंग मिटवा की. तो कागद कुठं फाटतोय?"
त्यांच्याच तोंडून 'मिटवू नका' ऐकायला एवढ्या लांब आले होते.
ते अंक चाळायला लागले. पानं लांब धरून. खूप जणांची चित्रं होती. एका बैलगाडीपाशी थांबले.
"हे तुमचं."
नाव वाचलंत, मी म्हटलं.
"नाव कुठलं वाचतो? चष्मा घरात हाय."
निघताना वालाची पिशवी हातात दिली. एसटीत ती मांडीवर धरून बसले. चष्म्याशिवाय ओळखलं. आणखी काय हवं असतं माणसाला?

२९ जाने.
सातही पुन्हा काढली, फटीसकट. सकाळी द्वारका चौकात जाऊन कुरियरला दिली. श्रीधरला सांगितलं. तो फक्त म्हणाला, पाकीट तरी नीट चिकटवलंस ना.
लेले मॅडमवर राग नाही. त्या फटींकडे इतकं निरखून आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. नाहीच म्हणतील, त्यांनी आधीच स्पष्ट लिहिलंय. जत्रा दुसऱ्या कुणाच्या हातूनही छान होईल.
सोबत ठेवलेल्या चिठ्ठीत तीन वेळा खोडून शेवटी एवढंच राहिलं:
'मॅडम, हे गोल असेच छापाल का?'